तळाच्या नळातलं डिझेल

वसाहतीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध लाकडी चौथऱ्यावर हिरव्यागार पाण्याची काचेची टाकी, शेजारी पांढऱ्या कोटातला 'शेवाळाचार्य'. त्यानं टाकीच्या तळाचा नळ फिरवला. धार बादलीत पडली, तिथून जनरेटरमध्ये गेली आणि ते बंद पडलेलं धूड धडधडू लागलं. लोकांनी हातच जोडले.

"हे शेवाळ ऊन पितं आणि डिझेल सोडतं! मी त्याची जनुकंच बदललीत. तुमचा पाण्याचा तलाव फक्त माझ्या हवाली करा!"

"मग आम्ही प्यायचं काय?"

"इंधन आलं की पाणी आपल्या पायांनी चालत येईल, काका!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई भावाशेजारी उभ्या होत्या. भाऊ रुग्णवाहिका चालवायचा. दरड कोसळल्यापासून रस्त्यावर लहान गाडीपुरतीच वाट मोकळी होती, इंधनाचा टँकर आला नव्हता, रुग्णवाहिका कोरडी पडली होती. घरी आईला धाप लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजच्या आज शहरात हलवा." बुडत्याला काडीचा आधार. ती धार खरी असावी, असं बाईंनाही मनापासून वाटत होतं.

पण डिझेल पाण्यावर तरंगतं. तळाचा नळ सोडला तर आधी हिरवं पाणी यायला हवं. इथे एक थेंबही हिरवा नव्हता.

बाई पुढे निघाल्या तसा भावानं हात धरला. "ताई, नको ना. आईसाठी तरी."

"अरे, तलावातून थेंबभर डिझेल निघणार नाही. आईही जाईल आणि पाणीही."

त्यांनी आचार्याला विचारलं, "तेल वर तरंगतं, मग नळ तळाला कसा?"

"अश्रद्धेच्या सावलीनं शेवाळ मरतं, बाई! लांब व्हा!"

बाईंनी वाकून चौथऱ्याची फळी ओढली. आत डिझेलचा डबा, छोटा पंप आणि नळाला जाणारी नळी. नळ काचेला बाहेरून नुसता चिकटवलेला! आचार्य पळू लागला, लोकांनी त्याला धरलं.

"आमची आशाच मोडलीत हो तुम्ही," एक म्हातारी रडू लागली.

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "शेवाळात तेल असतं, आजी. त्याची जनुकं बदलून ते वाढवायचे प्रयोगही चाललेत. पण शेवाळ वाढवावं लागतं, सुकवावं लागतं, फोडून तेल काढावं लागतं, मग त्याचं इंधन करावं लागतं. नुसता नळ फिरवून ते मिळत नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी वाकून बघा. प्रश्न विचारल्यानं खरं काही मरत नाही."

भावानं डबा उचलून रुग्णवाहिकेत रिता केला. "ताई, पुरेल शहरापर्यंत?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "गाडीच्या टाकीत पट्टी घालून मोज. मी आईला उचलून आणते."