धुलाईघराची टोळी

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी स्वस्थ उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. आठवडाभर ती वाफेच्या इस्त्रीवर चादरी दाबायची आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल बाहेर काढायची. धुलाईघरातल्याच आणखी काहीजणी तिच्या जोडीला होत्या. भंगारातून आणलेल्या गाड्या त्यांनी स्वतः खोलल्या, स्वतः बांधल्या. फाटक्या कॅनव्हासच्या थैल्यांची जाकिटं शिवली आणि प्रत्येकीच्या पाठीवर पंख फुटलेली इस्त्री रंगवली. टोळी निघाली की सगळी गल्ली खिडकीत यायची. कुणी हात हलवायचं, कुणी नाक मुरडायचं. भिंगरीचे वडील त्याच धुलाईघराच्या बॉयलरवर उभी हयात राबलेले. ते मात्र खिडकी लावून घ्यायचे. "बाईच्या जातीला हे धंदे कशाला?" एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यापुढे संभाषण जात नसे.

अशात एक फोटोवाली आली. कामगारांच्या वस्त्यांचे फोटो काढत फिरणारी, केस पिकलेली, पायात झिजलेले बूट. मुकादमाची परवानगी तिच्याकडे होती. तिने भिंगरीच्या घामेजल्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला, तशी भिंगरीने हातातली चादर मध्ये धरली.

"मुकादमाला विचारलंत, मला कुठे विचारलंत?"

जेवणाच्या सुट्टीत फोटोवाली तिच्या बाकावर येऊन बसली. "चुकलंच माझं. पण राग नुसता त्याचा नाही ना?"

मग भिंगरीने सांगितलं. तिची आईही इथेच कामाला होती. एका पेपरवाल्याने मागच्या दारातून तिचा फोटो काढला. ओल्या कपड्यांच्या ओझ्याने वाकलेली आई, आणि खाली छापलं होतं, 'पिचलेली माणसं'. "आईसारखी खमकी बाई अख्ख्या वस्तीत नव्हती. पण त्यानंतर बाजारात जाताना ती पदर तोंडावर ओढून घ्यायला लागली. मेली तोवर तिचा दुसरा फोटो निघाला नाही."

फोटोवालीने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि चादरीची दोन टोकं धरली. पुढे कित्येक दिवस ती येत राहिली, चादरींच्या घड्या घालत राहिली. घड्या अगदीच वाकड्यातिकड्या व्हायच्या. बाया हसून लोटपोट व्हायच्या आणि उलगडून पुन्हा घालायच्या. शेवटी भिंगरीच म्हणाली, "बाई, सुट्टीच्या दिवशी या. मागे बसायची हिंमत आहे ना?"

फोटोवाली मागे बसली. पुलाच्या उतारावर टोळी सुटली तेव्हा एका हाताने भिंगरीची कंबर आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा धरून तिने फोटो काढले, मग खाली उतरून सगळ्यांच्या पुढे येणाऱ्या भिंगरीचाही काढला. नंतर धुलाईघरातही भिंगरीने स्वतःहून तिला कॅमेरा बाहेर काढायला लावला.

शहरातल्या मोठ्या दालनात प्रदर्शन ठरलं. फोटोवालीने सगळे फोटो धुलाईघरात आणून टेबलावर मांडले. "दालनवाल्यांना फक्त घामाचे हवेत. मी नाही म्हणून आलेय. आता तुम्ही सांगा."

एकजण म्हणाली, "मग घामाचे काढूनच टाका. गाड्यांचे लावा."

भिंगरीने वाफेत उभी असतानाचा स्वतःचा फोटो उचलला. कपाळावरून धार लागलेली, दंड ताठ, नजर थेट समोर. तिने तो बराच वेळ पाहिला.

"हाही लावा. घामाची मला लाज नाही, कीव नको. दोन्ही शेजारीशेजारी लावा, आणि खाली काय लिहायचं ते आम्ही सांगू."

फोटोवालीने दालनवाल्यांना निक्षून सांगितलं, लागतील तर सगळे, नाहीतर एकही नाही. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण मानले.

उद्घाटनाला टोळी गाड्यांवरून, जाकिटं घालून गेली. आत दिवे, गुळगुळीत फरशी आणि भिंतभर त्या स्वतः. त्यांच्या फोटोंखाली त्यांचेच शब्द होते: 'आम्ही चादरी धुतो. गाड्या आमच्या आहेत.' भिंगरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एवढ्यात गर्दीत तिला ओळखीची पाठ दिसली. बाबा. कुणाला न सांगता बसने आले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून. पुलावरच्या फोटोसमोर ते उभे होते आणि शेजारचा एक सूटवाला त्यांना विचारत होता, "तुम्ही ओळखता का यांना?"

"ही पुढची माझी मुलगी," बाबा म्हणाले. "त्या गाडीचं इंजिन तिने स्वतः बांधलंय, आमच्या स्वयंपाकघरात. आठवडाभर आम्ही तेलाच्या वासात जेवलो. आणि ही शेजारची वाफेतली, तीपण तीच. आईवर गेलीये."

भिंगरी खांबाआड थांबली. पुढे होऊन त्यांना मध्येच तोडावंसं तिला वाटेना. सूटवाला गेला, दुसरी एक बाई आली. तिने काही विचारलंही नव्हतं, पण बाबांनी तिलाही सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, या खेपेला जरा मोठ्याने.