तीन भाकरींचं पत्र

उसाला तोड लागली की संध्याकाळी आमच्या आळीत गुऱ्हाळाचा गोड, किंचित करपलेला वास भरून यायचा आणि त्या वासातून शालनचा आवाज वाहत यायचा. कृष्णाकाठच्या आमच्या सातारी गावात घरटी एक माणूस फौजेत. बायकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून फौजेतून आलेली निळी आंतर्देशीय पत्रं घेऊन त्या शालनच्या सोप्यात जमायच्या. ही माझ्या वर्गातली सडपातळ, मोठ्या डोळ्यांची मुलगी प्रत्येक पत्र ते लिहिणाऱ्याच्या ढंगात वाचायची. एखाद्याचा घाईचा स्वभाव असला तर स्वल्पविरामही न घेता ती धावत सुटे, आणि त्याची बायको पदराआड हसून म्हणे, "अगं बया, ह्यो तर दारात यून बोलाय लागला!" दूरच्या बर्फातला माणूस तिच्या आवाजातून क्षणभर घरी येऊन टेकायचा.

आळीतून मॅट्रिकला बसणाऱ्या आम्ही दोघीच होतो, पण पहिला नंबर मागितला जायचा तो तिच्याकडे. आमच्या शाळेत बाकसुद्धा नंबराने मिळत. दर चाचणीनंतर दप्तर उचलून पुढं किंवा मागं सरकायचं, साऱ्या वर्गाच्या देखत. शालन पहिल्या बाकावर बसे आणि खाली दरी असल्यासारखी बाकाची कड घट्ट धरून ठेवी. पाणवठ्यावर, गिरणीत, देवळाच्या पायरीवर एकच प्रश्न तिची वाट अडवायचा, "काय शाले, पयलीच येनार न्हवं?" त्या हिवाळ्यात तिची नखं रक्त येईपर्यंत कुरतडलेली असायची. सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी तिला उलटी व्हायची. सहामाहीच्या पेपरात तिच्या टाकाची शाई निबावरच वाळली आणि पान कोरं राहिलं. गुरुजी म्हणाले, माज. आळी म्हणाली, दृष्ट, आणि तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. भय हा साधा शब्द कुणाला सुचला नाही. आमच्या घरातून शिक्षणप्रसाराची पत्रकं वाटली जायची; शिक्षण सक्तीचं हवं, या घोषणेवर मी वाढले आणि त्या घोषणेपासून आजही तसूभर हटणार नाही. पण लेकराला शाळेत आणणं वेगळं आणि साऱ्या गावाची अब्रू त्याच्या दप्तरात कोंबणं वेगळं, हे आमच्या घरच्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

मग तिच्या आबांचं, म्हणजे फौजेतल्या वडिलांचं, पत्र आलं. चुलीपुढं तिची आई, हौसाकाकू, भाकरी थापत होती. भोवती चार बायका आणि मी. शालनने वाचलं, घडी घातली, आणि सगळ्यांकडे पाहून ओठांच्या कोपऱ्यातून हसली. काकूंचा हात परातीतच थांबला.

"संपलं?"

"व्हय."

"त्यांच्या एका पत्राला माज्या तीन भाकरी व्हत्यात. ही पयली अजून तव्यावर हाय. आन् कागद तर तिन्ही अंगानं भरलाय. काय गाळलंस गं?"

शालनचा चेहरा राखेसारखा झाला. तिने घडी उलगडली आणि, साऱ्या आळीला आवाज देणारी ती, स्वतःच्या बापाच्या ओळी मात्र त्यांचा ढंग न लावता, सपाट वाचत गेली: सगळ्या कंपनीला सांगितलं आहे, माझी मुलगी मॅट्रिकला पहिली येणार. पेढे कबूल केले आहेत. माझी मान खाली जाऊ देऊ नकोस. मागच्या तीन पत्रांत हे एकेका ओळीत होतं, आणि तीनदा तिने ती ओळ एकटीने गिळली होती; या वेळी सारं पत्रच त्याने भरलं होतं.

काकूंनी पिठाचे हात पुसले. "कागद घे. लिव. पोरगी जेवत न्हाई. रोज सकाळी वकती. मला नंबर नगं, पोरगी पायजे."

"आई, असं कुठं लिवत्यात व्हय?"

"समद्या आळीचं लिवतीस, तवा आईचं लिवाया काय हात मोडला?"

"लिव गं," एक म्हातारी म्हणाली, "आन् माज्या लेकाला बी सांग, म्हस व्याली म्हनून!"

बायका हसल्या. शालन हसता हसता रडली, आणि रडत रडत तिने स्वतःचं दुखणं आईच्या शब्दांत, वळणदार अक्षरात लिहून काढलं. तो कागद तिचा पहिला खरा पेपर होता, असं मला अजून वाटतं.

उत्तर यायला महिना गेला. त्या महिन्यात पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की ती हातातलं टाकून दाराशी यायची. शेवटी पत्र आलं, अगदी तोकडं: "पोरी, दरसाल नेमबाजीच्या चाचणीला माझाही हात थरथरतो. घरी कधी कळवलं नाही. जमेल तेवढा पेपर सोडव. पेढे मी केव्हाही वाटीन." शालनने ते आबांच्या जाड, थोड्या खरखरीत आवाजात वाचलं. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

मॅट्रिकला ती दुसऱ्या श्रेणीत पास झाली. आता सांगलीकडे नांदते, जरा अंगाने भरली आहे, मोठ्याने हसते. त्या वर्षी शाळेच्या फळ्यावर पहिलं नाव कुणाचं लागलं, ते आम्हा दोघींनाही आठवत नाही. इतकं थोडं आयुष्य होतं त्या नंबराचं. पण त्या हिवाळ्यातलं तिचं एकटीने सोसणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. काळ पुष्कळ काही वाहून नेतो, पण एक मूल आपल्यात बसूनही भयापायी जितके दिवस आपल्यात नव्हतं, तितक्या दिवसांचा दोष मात्र आपल्याच हिशेबी ठेवून जातो.