सासऱ्यांच्या पुस्तकाची छाटणी

"हे राहू दे गं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांचं आहे. बसेल बिचारं कोपऱ्यात."

"कोपऱ्यात बसूनही चुकीचंच सांगेल ना," ती म्हणाली आणि तिने 'बाद'चा शिक्का मारला.

वाचनालयाचा बालविभाग तिच्याकडे होता. मुलांच्या माहितीच्या पुस्तकांची दरवर्षी छाटणी व्हायची. नियम तिचाच होता: गोष्टीत कोणी हव्या तेवढ्या थापा माराव्यात, माहितीत नाही. या नियमापायी वाचनालयाच्या माजी अध्यक्षांचं पक्ष्यांवरचं पुस्तक गेलं होतं. त्यात वटवाघूळ होतं.

सासऱ्यांचं पुस्तक समुद्रावर होतं. 'खोल तळाशी कोणीही राहत नाही,' असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. पुढे शास्त्रज्ञ तिथल्या रहिवाशांचे फोटो काढून आले, पण पुस्तक मागे हटलं नाही.

सासरे रोज वाचनालयात येऊन आधी त्याच कपाटापाशी जात. लेखकाचा जीव अडकलेला असणारच. म्हणून पुस्तक मागे गेलेलं दिसलं की ती ते पुढे आणून ठेवायची. आज मात्र घरी जाताना तिचे पाय उचलेनात. "तूच सांग, मला यायला उशीर होईल," असा नवऱ्याने फोनवर भक्कम पाठिंबा दिला.

सासरे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"बाबा, तुमचं पुस्तक आज काढलं आम्ही."

हात थांबले. "कायमचं?"

"हो. त्या तळाच्या वाक्यामुळे…"

"सुटलो गं बाई." ते खुर्चीत टेकले. "किती वर्षं नकाशांच्या मागे दडवतोय मी ते. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा पुढे, नवरदेवासारखं. कोण मेला आणून ठेवतो, कळेना."

"मीच ठेवायचे."

"तू?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून. पण मला सांगायचं ना, बाबा."

"स्वतःच्याच पुस्तकाची चुगली कशी करणार?"

दोघं इतकी हसली की घातलेल्या घड्या मोडल्या.

मग ते हळूच म्हणाले, "रद्दीत नका देऊ पण. मला हवंय."

"दुरुस्त करायला?"

"छे. पहिल्या पानासाठी."

पहिल्या पानावर अर्पण होतं, सासूबाईंना. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ते पान तपासलंस का?"

"तपासलं," ती म्हणाली. "बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली, आणि टॉवेल पुन्हा घडी घालायला घेतला.