चिंधीवरचं आभाळ

"बाबा, तुम्ही आईचं आभाळ पुसलंत!"

"ओरडू नकोस. धूळ पुसत होतो."

"धूळ? ही धूळ आहे?" पोरीने त्याच्या हातातली चिंधी हिसकावली आणि त्याच्याच नाकासमोर धरली. चिंधीवर निळाकरडा चिखल.

पेंटरने चिंधी परत घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एरवी हा माणूस भांडणात कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. सगळी गल्ली त्याला पेंटरच म्हणायची, बायकोसुद्धा. "पेंटर, चहा गार झाला," असं.

तीस वर्षं दोघं एकाच कॅनव्हासवर राबली. वरचं तिचं, खालचं याचं. ती आधी आभाळ करायची, कॅनव्हास भिंतीला टेकवायची आणि म्हणायची, "घ्या पेंटर, पेरा आता तुमची शेतं." मग हा उजेड कुठून येतोय ते बघून झाडांच्या सावल्या पाडायचा. आभाळात याने कधी ब्रश घातला नाही, मातीत तिने नाही. भांडणं व्हायची ती फक्त मधल्या रेघेवरून. ती म्हणायची, माझी जागा खाताय.

प्रदर्शन आज लागणार होतं. बारा चित्रं. अकरा जुनी, खडखडीत वाळलेली. बारावं तिचं शेवटचं. खाटेवर उशांना टेकून, गुडघ्यांवर कॅनव्हास घेऊन केलेलं. त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली. महिनाभर याने त्या चित्राकडे बघितलंही नाही. मग खालचं शेत रंगाच्या एका पातळ थरात कसंबसं उरकलं.

टांगायच्या आधी प्रत्येक चित्रावरून टर्पेंटाइनची ओली चिंधी फिरवायची, ही त्याची जुनी सवय. अकरा चित्रं लखलखली. बाराव्यावरही त्याच झपाट्यात हात फिरला. चार फटकारे, आणि आभाळ हातात.

"वाळायला हवं होतं," पेंटर शेवटी पुटपुटला. "तिचं आभाळ महिन्यात वाळतं. तीस वर्षं बघतोय मी."

"काय बघताय? डोंबल?" पोरगी तडकली, मग हातातल्या चिंधीकडे बघत म्हणाली, "तेल घालत होती ती. भसाभसा. तेलाचा रंग महिन्यात कसला वाळतोय? हात थरथरायचा तिचा. रंग घट्ट असला की ब्रश अडकायचा. पातळ केला की आपोआप ओघळतो म्हणाली."

"मला कसं नाही बोलली?"

"मला बजावलं होतं. पेंटरला सांगू नकोस, तो माझ्या हातातून ब्रश काढून घेईल."

पेंटर स्टुलावर बसला. खरंच घेतला असता त्याने. हे तिला बरोबर ठाऊक होतं.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं," पोरगी म्हणाली. तिने चिंधीची घडी घातली, रंग आत राहील अशी. आता ती फेकायची कुठे, हे तिलाही कळेना.

"तुम्ही काढा ना आभाळ. अजून तास आहे."

त्याने ब्रश उचलला. निळा घेतला, पांढरा घेतला, एका कोपऱ्यात ढग काढला. ढग चांगला होता. दुकानाच्या पाटीवर शोभला असता. त्याने तो स्वतःच अंगठ्याने पुसला.

"आभाळच फाटलं पोरी. ठिगळ कुठे लावू?"

खाली शेतात सावल्या तशाच पडलेल्या, सगळ्या डावीकडे, आणि वर उजेडच नाही. फक्त झाडांच्या शेंड्यांना लागून बोटभर पट्टी उरली होती, चिंधी पोचली नव्हती तिथे. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, नाक टेकेल इतका जवळ गेला. पट्टीतला प्रत्येक फटकारा वाकडा, बारीक बारीक हललेला. शेत रंगवताना हे त्याला दिसलं होतं. त्याला वाटलं होतं, वारा काढलाय. म्हणून त्याने झाडंही डावीकडे झुकवली होती.

खाली रस्त्यावर, चित्रं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला. "ओ पेंटर! बाराच ना? का अकरा?"

पोरीने बापाकडे बघितलं. "ठेवू हे घरी?"

"बारा!" तो खिडकीतून ओरडला. चित्र तसंच उचललं, कडांना धरून, ओल्या अंगठ्याचा डाग पडेल म्हणून जपत.

"बाबा, लोक विचारतील, आभाळ कुठे गेलं. काय सांगणार?"

"बोटभर उरलंय, ते दाखवीन. सरक. दार धर. मला निघायला हवं आता."