अवधाण

शिंपेचा तुकडा नखाएवढाच होता. परशुरामाने तो तळहातावर उलटासुलटा केला – एका कडेला सगुणाचं रक्त, वाळून तपकिरी झालेलं. मिठागराच्या चिखलात पाय घातला की शिंप रुततेच, टाच पिकते, जांघेत अवधाण येऊन गाठ धरते... यात नवं काही नव्हतं. सगुणा, त्याची लेक, भिंतीकडे तोंड करून निजली होती. अंग तापलेलं.

गेल्या वर्षी तिची आई अशीच तापली होती. तुळसा. दोनदा.

पहिल्यांदा तापली तेव्हा भाऊ कारकून चावडीवर रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत होता – मुंबईत आज प्लेगने इतके गेले, कल्याण स्टेशनात उतारूंच्या काखा तपासतात, गाठ आली की माणूस संपलाच – आणि तुळसाच्या जांघेत गाठ दिसताच आळीने त्यांच्याकडे विस्तव मागायला येणंही सोडलं. गाठ बसली. मग तुळसाच लंगडत, काखेत हात घालून ओरडायची, "पळा गं बायांनो, पलेग आला!" आळी पोट धरून हसायची. तोही.

पुढे वर्तमानपत्रात सरहद्दीवरची लढाई आली. प्लेग आतल्या पानावर गेला, मग तिथूनही गेला. भाऊ म्हणाला, "गेली साथ. छापायला काही उरलं नाही." त्यानंतर तुळसाला पुन्हा गाठ आली, टाचेत जखमही होती. कुणी भ्यालं नाही. त्याने मिठाचा शेक दिला आणि कामावर गेला... ती गेली. तिच्यामागून आळीतली आणखी माणसं गेली.

शेजारची हौसाबाई दारातून वाकली. "परश्या, आरं त्वांड का असं? शिंप निघाली ना? मंग अवधान हाय."

"तुळसाला पण अवधानच म्हणलो आपण."

"तवा साथ होती, बाबा."

"तवा भाऊ साथ गेली म्हणत होता." त्याने शिंपेचा तुकडा मुठीत धरला. "काल काय वाचलान त्यानं?"

"तांदळाचा भाव. न् कुण्या राजाचं लगीन." ती जरा घुटमळली. "पेज दे पोरीला."

ती गेल्यावर त्याने गाठीवर बोट ठेवलं. सगुणा कण्हली. गाठ गरम होती, बोटाखाली हलत होती – तुळसाची पहिली हलत होती का? आणि दुसरी? बोटाला काही आठवेना. तुळसा असती तर हसून म्हणाली असती, काही नाही हो. आणि त्याने ते मानलं असतं.

उद्या चावडीवर भाऊने काहीतरी भयंकर वाचावं, असं त्याच्या मनात आलं. आळीने दारं लावून घ्यावीत, शिव्या द्याव्यात, दूर पळावं... त्या विचाराची त्याला लाजही वाटली नाही. निदान त्याच्याबरोबर कुणीतरी भ्यालं असतं.