एकोणतीसची रेघ

"बावीस. परत ने."

रुक्मिणीबाईनं दुधातून लॅक्टोमीटर उचलला, झटकला आणि पुढच्या बाईकडं हात केला. गंगासागर जागची हलली नाही.

"आक्का, एकदा परत बघा की. प्यायला पाणी न्हाई घरात, दुधात कुठून घालू?"

"ते मला कशाला इचारती? नळी बोलती, मी न्हाई."

एकोणीस वर्षं रुक्मिणीबाई हेच वाक्य बोलत आली होती. गावातल्या महिला दूध संस्थेत ही काचेची नळी तिच्याच हातात असायची. दूध चोख असलं की नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असलं की खाली बुडते. दुधाची कड नळीवरच्या ज्या रेघेला टेकते तो आकडा. अठ्ठावीसच्या खाली गेला की दूध परत, मग ते चेअरमनबाईंचं असो. चौथी शिकलेली ही बाई. पण तिनं आकडा सांगितला की त्यावर कुणी बोलत नसे. एकदा चेअरमन नीलाबाईंचा दीर बोलला होता. दुधाच्या कॅनचं झाकण रुक्मिणीबाईनं त्याच्या कपाळात घातलं. चार टाके पडले. तेव्हापासून सगळ्यांचाच विश्वास बसला.

"काय गं, काय झालं?" बाहेर लिंबाखाली थांबलेला त्रिंबक, गंगासागरचा नवरा, दारात आला.

"पाणी निघालं म्हणं दुधात," रांगेतून कुणीतरी सांगितलं, आणि कुणीतरी हसलं.

ते हसणं वाईट. त्रिंबकनं किटली हिसकली आणि गंगासागरच्या छातीवर फेकून मारली. दूध भिंतीवर उडालं. मग त्यानं तिचा बुचडा धरला. "चोर करती मला? गावासमोर चोर करती?" म्हणत त्यानं तिला उंबऱ्यावरून ओढलं. ती पडली तर पडलेलीच ओढली. बायकांनी पाय मागं घेऊन वाट करून दिली.

"घरची बाब हाय त्यांची," नीलाबाई म्हणाल्या. "चला, रांग पुढं घ्या."

रांग पुढं सरकली.

सगळ्या गेल्यावर रुक्मिणीबाई खोली आवरायला लागली. मोजायच्या उभ्या भांड्यात गंगासागरचं दूध तसंच होतं. त्या गोंधळात पुढच्या बायांसाठी तिनं दुसरं भांडं घेतलं होतं. गंगासागरचं भांडं तिनं दारातल्या उन्हात आणलं, नळी सोडली आणि वाकली. डोळ्यापुढं काळी कोळिष्टकं हलली. तीन महिने झाले, हे असंच. सुरुवातीला तिला वाटलं, छताची जळमटं. चार वेळा लांब झाडू घेऊन तिनं खोली झाडली. जळमटं काही जाईनात. मग ती अंदाजानं सांगू लागली, नळी किती वर राहिली ते बोटाच्या पेरानं चाचपून. सांगायचं कुणाला? नीलाबाईंची सून या खुर्चीवर कधीची डोळा ठेवून होती.

तिनं उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्यासमोर भांडं वीतभर लांब धरून, मान वाकडी करून पाहिलं.

एकोणतीस.

डावा मिटून उजव्यानं पाहिलं. नळीच नव्हती. भांडंही नव्हतं. तिथं नुसता राखेचा धूर होता.

पुन्हा डाव्यानं. एकोणतीसची रेघ, आणि तिच्यावर दुधाची कड, टेकून.

तेवढ्यात मागच्या आळीतून, त्रिंबकच्या घराकडून आवाज आला. जनावरं बांधायच्या दाव्याचा. कोरडं दावं पाठीवर वाजतं तेव्हा फट् होतं. ओलं वाजतं तेव्हा आवाज आत मुरतो. हे रुक्मिणीबाईला कुणी शिकवायला नको होतं. बावीस वर्षांची असताना असल्याच आवाजातून उठून ती अनवाणी माहेरी चालत आली होती आणि परत गेली नव्हती. त्रिंबकनं दावं भिजवलं होतं. गावाला दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, सिंदफणा नदीत नुसती वाळू उरली होती, जनावरं चारा छावणीवर बांधलेली, आणि या बाबानं दावं भिजवायला पाणी काढलं होतं.

ती चार पावलं गेली. पाचव्या पावलाला तिला वाटलं, जाऊन सांगायचं काय? की मला दिसत नाही? मग उद्यापासून आपण कोण?

ती परतली. तिनं भांडं विसळलं. दोनदा विसळलं. आवाज बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती बीडला गेली. सरकारी दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं. बाकावर दहा-बारा जण, सगळे शुगरचे. एक म्हातारा सांगत होता, "मला काईच होत न्हाई, पोरानं उगंच आणलंय."

डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या. उजेड मारून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मावशी, शुगर कधीपासून?"

"चौदा वर्सं झाली."

"गोळ्या?"

"बरं वाटलं की बंद करती."

"आणि बीपी?"

"ते बी हाय म्हणत होते."

"डोळे कधी तपासले होते?"

"दिसत होतं की. कावून तपासू?"

"दिसतंय तोवरच तपासायचे असतात, दर वर्षाला." डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "डोळ्याच्या आत मागं पडदा असतो. शुगरनं तिथल्या बारीक शिरा कमजोर होतात, फुटतात. तुमच्या उजव्या डोळ्यात रक्त सांडलंय."

"कुणी न मारता?"

"कुणी न मारता. दुखत नाही, म्हणून कळत नाही. शुगर जितकी जुनी तितका धोका जास्त. त्यात बीपी, त्यात गोळ्या बंद-चालू. बाहेर बाकावर बसलेत ना, त्यांतल्या दोघांना तरी हे असणार. आणि त्यातला एकजण म्हणत असणार की मला काहीच होत नाही."

"म्हणतोय तो," रुक्मिणीबाई म्हणाली. "पण हे मोठ्या लोकाचं दुखणं ना? आमी भाकरी खाणारी माणसं."

"भाकरी खाणारीच येतात माझ्याकडं. उशिरा येतात एवढंच." त्यांनी चिठ्ठीवर तारीख टाकली. "डाव्याला लेसर करू, आहे ती नजर टिकवायला. उजव्याचं रक्त थोडं निवळलं तर निवळलं. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही."

येताना एसटीच्या खिडकीतलं ऊन थेंबांमुळं सुयांसारखं टोचत होतं. तिनं पदर तोंडावर घेतला. शेजारची बाई म्हणाली, "रडू नका मावशी." ती रडत नव्हती. मग गेवराई येईपर्यंत थोडी रडली, आता म्हणलंच आहे तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. गंगासागर आली. डावा डोळा सुजून मिटलेला, कानशिलापर्यंत काळानिळा. किटली दुसऱ्याच हातात, कारण नेहमीचा हात वर होत नव्हता. त्रिंबक मागं उभा होता, राखण केल्यासारखा.

रुक्मिणीबाई खुर्चीवरून उठली.

"परवा गंगासागरचं दूध चोख होतं. एकोणतीस होतं. मी बावीस म्हणले. मला दिसत न्हाई. तीन म्हयने झाले, अंदाजानं सांगती."

 मग नीलाबाई घाईनं पुढं आल्या. "आक्का, आत चला. असलं चारचौघांत बोलायचं असतंय का?"

"बावीस चारचौघांतच म्हणले होते. एकोणतीसबी इथंच म्हणणार." ती त्रिंबकच्या आवाजाच्या बाजूला वळली, तो काहीतरी पुटपुटत होता. "आणि बावीस असतं तरी? दावं भिजवायला पाणी सापडलं तुला. तिला प्यायला दिलं का रे तांब्याभर?"

त्रिंबकचा हात उठला. उजव्या बाजूनं आला. रुक्मिणीबाईला तो दिसलाच नाही, म्हणून ती हललीही नाही. थोबाडीत बसली, ओठ फुटला, तरी मान जिथल्या तिथं. गावानं पुढं वर्षभर सांगितलं, काय बाई, पापणीसुद्धा लवली नाही! तिनं कधी खोडून काढलं नाही.

रांगेतल्या सुभद्राबाईनं पहिलं, कॅनचं झाकण उचललं. मग दुसरीनं. मग किती उठली ते मोजायला कुणी मोकळं नव्हतं. परवा ज्यांनी पाय मागं घेऊन वाट दिली होती, त्याच बायांनी आज वाट दिली नाही. त्रिंबकच्या कानावर एक, मनगटावर एक, आणि खाली बसल्यावर पाठीत बरीच बसली. पत्र्याचा आवाज लिंबाच्या पार पलीकडं गेला. तो रांगत बाहेर पडला. लिंबाखाली थुंकला, त्यात एक दात होता.

गंगासागरनं झाकण उचललं नव्हतं. तिनं किटली खाली ठेवली, भांड्यात दूध ओतलं, नळी सोडली आणि चांगल्या डोळ्यानं वाकून पाहिलं. सातवी शिकलेली होती.

"तीस," ती म्हणाली.

"माझी सून बघंल उद्यापासून," नीलाबाईंनी सुरुवात केली.

"गंगासागर बघंल," सुभद्राबाई म्हणाली. झाकण अजून तिच्या हातात होतं.

त्यानंतर त्रिंबकनं हात उचललाच नाही असं नाही. पण एकदा उचलला तेव्हा गंगासागर किटली घेऊन संस्थेच्या खोलीत येऊन झोपली आणि आठ दिवस तिथून हलली नाही. दूध मोजून घ्यायला नवऱ्याला रांगेत उभं राहावं लागलं.

रुक्मिणीबाईच्या डाव्या डोळ्याला लेसर झालं. गोळ्या आता ती चुकवत नाही. संस्थेकडं जाताना उजवा हात भिंतीवर ठेवून जाते, आणि वाटेत कुणी शुगरचं भेटलं की आधी त्याचा एक डोळा मिटायला लावते, मग रामराम घालते.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती स्वतःच्या म्हशीचं दूध घेऊन रांगेत उभी राहिली. नंबर आला. गंगासागरनं नळी सोडली. पाहिलं. पुन्हा पाहिलं. 

"चोवीस," गंगासागर म्हणाली.  "परत न्या, आक्का."

"नीट बघितलं का?"

"बघितलं."

"माझं हाय ते."

"नळी बोलती. मी न्हाई."

रुक्मिणीबाईनं दुधाची चरवी उचलली आणि ती निघाली. आदल्या सांजेला टँकर येऊन गेला होता. त्यातलं तांब्याभर पाणी, पिण्याचं, गंगासागर डगमगते का ते बघायला तिनं आपल्या हातानं चरवीत ओतलं होतं.

भिंत संपली तिथं ती क्षणभर थांबली, पुढची भिंत हाताला लागेपर्यंत. चरवी तिनं सांडू दिली नाही.