निन्फाची जबानी

निन्फा माझ्या मावसबहिणीची लेक. तिकडे डोंगरात, पेत्रालियाला तिचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी नवराबायको मधुचंद्रासाठी पालेर्मोत माझ्याकडे उतरली. बल्लारोच्या बाजारात माझं घर आहे, खाली स्वयंपाकघर, वर एक खोली. जावई गास्पारे मिठाच्या खाणीत कामाला. दार भरून टाकणारा गडी, पण माझ्या पाया पडल्यासारखा वाकून म्हणाला, "मावशी, हिला समुद्र दाखवायचाय, राजवाडे, चित्रं, सगळं. आणि या शहरात खाण्यासारखं जे जे आहे ते खायला घालायचंय."

घातलंही. प्लीहा तळून भरलेला गरम पाव, चण्याच्या पिठाच्या वड्या, चांदीसारखे चमकणारे सार्डिन मासे घातलेला पास्ता, वर कसाता नावाचा गोड केक. निन्फा हसून हसून दमायची. "मावशी, हा मला खाऊ घालून घालून मारणार!"

मग मी त्यांना जुन्या राजवाड्यातलं ते भिंतीएवढं चित्र दाखवायला नेलं. हाडांच्या घोड्यावर बसलेला मृत्यू बाण सोडतोय आणि राजे, बिशप, नटलेल्या पोरी पटापट लोळतायत. एका कोपऱ्यात भिकारी हात जोडून त्याला बोलावतायत.

"बघ ना," निन्फा म्हणाली, "ज्यांना तो हवाय त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही."

गास्पारेनं एका बाणावर बोट ठेवलं. पहारेकऱ्यानं त्याचा दंड धरून मागे ओढलं, "ए डोंगऱ्या, हात लावायचा नाही." पुढच्या क्षणी तो म्हातारा पहारेकरी भिंतीला चिकटला होता, पाय अधांतरी, आणि गास्पारेची मूठ त्याच्या गळ्याशी. "माझ्या बायकोसमोर मला हात लावतोस?" निन्फानं आणि मी मिळून त्याला ओढून काढलं. बाहेर आल्यावर तो लगेच हसायला लागला, आत जाऊन म्हाताऱ्याला सिगरेटसुद्धा देऊन आला. निन्फा मात्र पांढरीफटक पडली होती.

"रागीट आहे ग थोडा," मी म्हटलं.

"मला माहीत नव्हतं, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बाजारात उतरलो. तलवार मासा घ्यायचा होता. फिलिप्पो कोळ्याच्या ओट्यासमोर निन्फा वाकली, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या गळ्यातली सोन्याची साखळी हिसडली. साखळी चटकन तुटली नाही. तिच्या मानेत रुतली, कातडी फाटली, मग तुटली. रक्त तिच्या नव्या पांढऱ्या कॉलरवर ओघळलं.

चोराला आम्ही सगळे ओळखत होतो. यानो. तिशीचा, हडकुळा, गल्लीतलाच. तो लिंबांच्या गाड्याखालून निसटायला गेला, पण गास्पारेनं त्याचा पाय धरून त्याला बाहेर खेचलं. यानोनं साखळी तिथल्या तिथे टाकली आणि दोन्ही हात वर केले. "घे बाबा, घे तुझी! चुकलो!"

गास्पारेनं साखळीकडे पाहिलंही नाही. केस धरून यानोचं तोंड त्यानं फिलिप्पोच्या संगमरवरी ओट्यावर आपटलं. बर्फ लाल झाला.

"शाब्बास रे पहिलवान!" बाजार ओरडला. "दे अजून! माझं पाकीट यानंच मारलं होतं!"

त्यानं दिले अजून. यानोचा हात ओट्याच्या कडेवर आडवा टाकला आणि कोपरावर वजन दिलं. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. यानो किंचाळला, मग किंचाळायचाही थांबला. गास्पारेनं त्याला जमिनीवर पाडून बुटांनी तुडवायला सुरुवात केली. बरगड्या, पोट, मग तोंड. एक डोळा बघता बघता मांसाचा गोळा झाला. ओरडणारे एकेक करून गप्प झाले. नुसता बुटांचा आवाज येत होता.

निन्फानं साखळी उचलून त्याच्या डोळ्यांसमोर नाचवली. "गास्पारे, मिळाली! ही बघ, मिळाली! सोड त्याला!"

तो ऐकत नव्हता. तिनं त्याचा दंड धरला. त्यानं मागे न बघता कोपर मारलं आणि तिचा पुढचा दात तुटून ओठातून बाहेर आला. मग मात्र तो वळला. ती कोण आहे हे नीट पाहिलं त्यानं. "मधे येऊ नकोस," म्हणाला, "नाहीतर तुलाही हाणीन."

आणि मासे टांगायचा लोखंडी आकडा त्यानं खुंटीवरून काढला.

माझे पाय जागचे हलेनात. निन्फा हलली. फिलिप्पोच्या तराजूतलं सर्वांत मोठं वजन तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि आकडा खाली येत असताना त्याच्या मनगटावर घातलं. आकडा दगडावर खणखणला. गास्पारे ओरडला आणि दुसऱ्या हातानं त्यानं तिचा गळा धरला, साखळीनं फाटला होता नेमका तिथेच. तीन हमालांनी त्याच्या पाठीवर उड्या घेतल्या तेव्हा कुठे ती सुटली.

पोलीस येईपर्यंत फिलिप्पोनं आपला मासे चिरायचा सुरा पायानं हळूच यानोच्या हाताजवळ सरकवला.

"चोरानं सुरा काढला, साहेब," तो फौजदाराला म्हणाला. "या बिचाऱ्यानं बायकोला वाचवलं."

"हो हो, काढला," चार जण बोलले.

"काढला म्हणूनच मारलं," गास्पारे मनगट धरून म्हणाला.

फिलिप्पो निन्फाच्या कानाशी लागला. "पोरी, तू पण हो म्हण आणि नवऱ्याला घेऊन घरी जा. नवं लग्न आहे तुझं."

तिच्या तोंडावर माझा रुमाल होता. तो तिनं खाली घेतला. "सुरा या कोळ्याचा आहे. चोरानं साखळी ओढली हे खरं, पण लगेच टाकून दिली, हात वर केले. त्यानंतर माझ्या नवऱ्यानं मारलं. थांब म्हटलं तर मलाही मारलं."

"आणि नवऱ्याचा हात कुणी मोडला?"

"मी."

कुणीतरी फिदकन हसलं. फौजदार माझ्याकडे वळला. "अगाता काकी, तुम्ही काय पाहिलंत?"

या बाजारात मी म्हातारी झाले. इथे कुणी काही पाहत नसतं. "ही सांगतेय तेच पाहिलं," मी म्हटलं.

गास्पारेला शिक्षा झाली. पुढे किती तरी दिवस फिलिप्पोनं मला मासे विकले नाहीत. पण निकाल लागायच्या आधीच निन्फाचा सासरा दोन मुलांना घेऊन डोंगरातून उतरला. त्यांनी माझं दार लाथांनी फोडलं, कपाटातल्या बशा भिंतीवर फेकल्या.

"एका चोरट्यासाठी नवऱ्याला तुरुंगात घातलंस, रांडे?"

निन्फा जिन्याच्या वरच्या पायरीवर पावाची सुरी घेऊन उभी राहिली. "या ना वर. एकेक करून या."

धाकट्यानं पायरीवर पाय ठेवला आणि तिच्या डोळ्यांत बघून काढून घेतला. सासरा उंबऱ्यावर थुंकला आणि ते गेले.

यानो वाचला. एका डोळ्यानं आणि वाकड्या हातानं पुन्हा चोऱ्या करू लागला. बाजारातल्या बायका निन्फाला टोचायच्या, "याच्यासाठी संसार मोडलास होय?"

"तो चांगला आहे असं मी कधी म्हटलं?" ती म्हणायची. "जिवंत आहे, एवढंच."

तुरुंगात ती नवऱ्याला एकदाच भेटली. मी बरोबर होते. तो जाळीला कपाळ टेकून हमसाहमशी रडला. "तुझ्यासाठी केलं ग मी सगळं. तुझ्या गळ्याचं रक्त बघून डोकं फिरलं माझं."

"पहिला फटका माझ्यासाठी होता," निन्फा म्हणाली. "बाकीचे तुला हवे होते. मी बघत होते तुझं तोंड."

चौऱ्याहत्तर सालच्या वसंतात घटस्फोटाचा कायदा ठेवायचा की मोडायचा यावर देशभर मतदान झालं. पाद्री वेदीवरून ओरडत होता, निन्फाची आईसुद्धा मुलीशी बोलत नव्हती. तुटक्या दातानं, मानेवरचा वण न झाकता निन्फा रांगेत उभी राहिली. कायदा राहिला. कायद्यानं सांगितलेली वेगळं राहायची वर्षं तिनं काढली आणि मोकळी झाली. आता ती खालच्या गल्लीत चण्याच्या पिठाच्या वड्या तळते. चांगल्या तळते.

गास्पारे सुटल्यावर जर्मनीला गेला. तिकडे त्यानं दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं, तेव्हा ती पीठ ढवळत होती.

"त्या बाईला मारत नसला म्हणजे मिळवली," म्हणाली, आणि कढईखालचा जाळ वाढवला.